उपवासापूर्वींची क्षमा

उपवास म्हणजे काय हें मराठी वाचकास सांगावयास नको. एकादशी, चतुर्थी, शिवरात्र, श्रावणी सोमवार अशीं निमित्तें धरून वर्षांतले कितीतरी दिवस आपल्या घरांतील चूल निराळ्या पदार्थांसाठीं पेटते. आणि फराळाचें ताट जेवणाच्या ताटाहून जड कसें होतें, यावरील आपला विनोदहि आतां जुना झाला आहे. म्हणून ईस्टरच्या सणापूर्वीं ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा जो उपवासकाळ पाळतात त्याची हकीकत सांगूं लागल्यास, ‘त्या दिवसांत ते काय खात नाहींत?’ असेंच वाचक प्रथम विचारील. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मतें तो पहिला प्रश्न नव्हे. या व्रताचा इतिहास चाळीत असतां आम्हांस असें दिसून आलें, कीं उपवासांत काय करावें याचा जितका विचार जुन्या ख्रिस्ती मंडळींनीं केला, तितकाच उपवासाच्या उंबरठ्यावर काय करावें याचाहि केला होता. आणि त्या उंबरठ्यावर त्यांनीं जी गोष्ट ठेविली ती अन्नाची नसून दयेची होती. ती गोष्ट तेथें कशी आली, आणि तिचा विसर पडला तेव्हां काय घडलें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

चाळीस दिवसांच्या या काळाचे जे सर्वांत जुने निःसंदिग्ध उल्लेख आहेत, त्यांपैकीं एक इ. स. ३२५ मधील नायसियाच्या धर्मपरिषदेच्या नियमांत सांपडतो. नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्थानांतील इझनिक गांव. कॉन्स्टंटाइन बादशहानें बोलाविलेली ही परिषद ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयींच्या वादासाठीं प्रसिद्ध आहे. तिनें केलेले वीस नियम मात्र तज्ज्ञांखेरीज फारसे कोणी वाचीत नाहीं. त्यांतील पांचवा नियम उपवासाविषयीं नाहींच. तो आहे बहिष्काराविषयीं. एका बिशपानें ज्यास वाळीत टाकलें त्यास दुसऱ्यानें जवळ करूं नये, असें प्रथम सांगून तो नियम लगेच एक शंका काढतो: बिशपानें हा बहिष्कार कोत्या मनानें, भांडणाच्या भरांत किंवा अशाच एखाद्या विकारानें तर घातला नसेल ना? याचा तपास व्हावा म्हणून प्रत्येक प्रांतांतील बिशपांनीं वर्षांतून दोनदां एकत्र बसावें. एकदां शरद् ऋतूंत, आणि एकदां चाळीस दिवसांच्या पूर्वीं, म्हणजे मनाचा सर्व कोतेपणा दूर होऊन देवास शुद्ध अर्पण करतां येईल, असा त्याचा आशय आहे.

या नियमाचें वळण पाहण्यासारखें आहे. उपवासापूर्वीं शुद्ध व्हावयाचें कोणी? आपण सहज म्हणूं, पाप्यानें. नियम म्हणतो, ज्यानें निवाडा केला त्यानें. बहिष्कृताचा दोष खरा असेल किंवा नसेलहि. परंतु त्यास बाहेर घालवितांना आपल्या हातून कांहीं क्षुद्रपणा घडला कीं काय, हें तपासल्यावांचून निवाडा करणाऱ्यानें उपवासास बसूं नये. बहिष्कार आणि प्रायश्चित्त हे शब्द महाराष्ट्रास परके नाहींत. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहापायीं न्यायमूर्ति रानड्यांसारख्यांवरहि प्रायश्चित्त घेण्याची पाळी आली, हें आपल्या स्मरणांत आहे. त्या प्रकरणांत चहा पिणारांची शुद्धि झाली. वाळीत टाकणारांनीं आपल्या मनाचा झाडा घ्यावा असें मात्र कोणास सुचल्याचें दिसत नाहीं.

नायसियाच्या परिषदेस हें सुचलें, यास कारणें होतीं. पाऊणशें वर्षांपूर्वीं, इ. स. २५० च्या सुमारास, डेशियस बादशहानें असें फर्मान काढलें होतें, कीं साम्राज्यांतील प्रत्येकानें देवतांस बलि अर्पण करून तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे कांहीं दाखले ईजिप्तच्या वाळूंत आजहि सांपडले आहेत. त्यांवर अर्ज करणाऱ्याचें नांव व गांव असतें, आणि आपण बलि दिला व प्रसाद भक्षिला अशी कबुली असते. या फर्मानापुढें कित्येक ख्रिस्ती मरणास सिद्ध झाले. परंतु फार मोठ्या संख्येनें लोक वांकले. कोणी बलि दिला, कोणी लांच देऊन नुसता दाखला मिळविला. २५१ मध्यें डेशियस लढाईंत पडला, छळ ओसरला, आणि हे वांकलेले लोक देवळाच्या दाराशीं परत आले. त्यांचें काय करावयाचें?

रोममध्यें नोव्हेशियन नांवाच्या विद्वान् धर्मगुरूनें कठोर उत्तर दिलें. ज्यानें छळाच्या प्रसंगीं ख्रिस्तास नाकारलें त्यास देवानें क्षमा केली तर करावी. चर्चला ती करण्याचा अधिकार नाहीं. हें मत नुसतें क्रूर म्हणून उडवून देणें अन्यायाचें होईल. ज्यांचा बाप किंवा भाऊ तुरुंगांत मेला, त्यांच्या शेजारीं दाखला विकत घेणारा येऊन बसणार, तर मेलेल्याच्या निष्ठेस किंमत काय राहिली? नोव्हेशियनच्या मागें लोक गेले ते याच प्रश्नामुळें. आणि त्याचा पंथ, स्वतःस ‘शुद्ध’ म्हणवून घेत, पुढें कित्येक शतकें टिकला. उलट बाजूस कार्थेजचा बिशप सिप्रियन उभा होता. त्याची स्थिति अवघड होती, कारण छळाच्या काळांत तो स्वतः नगर सोडून लपून राहिला होता. झटपट माफीचा तो विरोधक. परंतु दार कायमचें बंद करण्याचाहि विरोधक. दीर्घ प्रायश्चित्त, प्रत्येकाच्या प्रसंगाचा स्वतंत्र विचार, आणि मरणाच्या दारीं असलेल्यास तत्काळ क्षमा, असा मार्ग त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं काढला. २५८ मध्यें पुनः छळ आला तेव्हां सिप्रियन पळाला नाहीं; त्याचा शिरच्छेद झाला.

नायसियाच्या नियमांत या साऱ्या वादाचा निकाल आहे. लिसिनियसच्या अमदानींत सक्ति नसतांहि जे पतित झाले, त्यांच्याविषयीं अकरावा नियम म्हणतो, कीं ते दयेस पात्र नाहींत, तथापि त्यांस दया दाखवावी. मग बारा वर्षांचें प्रायश्चित्त सांगितलें आहे: तीन वर्षें ऐकणारांत, सात वर्षें साष्टांग नमस्कार घालणारांत, दोन वर्षें नुसत्या प्रार्थनेंत. आजच्या दृष्टीनें ही दया फार महाग वाटेल. परंतु ‘पात्र नाहींत, तथापि’ या दोन पदांच्या सांध्यांत नोव्हेशियनचा पराभव झाला. लायकी पाहून जें द्यावयाचें त्यास मजुरी म्हणतात. दया तेथें सुरू होते जेथें लायकी संपते. पुढचाच नियम बिशपास अशी मुभा देतो, कीं पश्चात्ताप खरा दिसल्यास त्यानें अधिक सौम्यपणा दाखवावा. सॉक्रेटिस नांवाच्या पांचव्या शतकांतील चर्चच्या इतिहासकारानें या परिषदेंतील एक आख्यायिका दिली आहे. नोव्हेशियनपंथी बिशप अकेशियस आपल्या पंथाची शुद्धता सांगत असतां बादशहानें त्यास म्हटलें, कीं मग तूं एक शिडी घे आणि एकटाच स्वर्गास चढून जा. गोष्ट घडली असो वा नसो, कठोरपणाचें खरें वर्म, म्हणजे त्याचा एकटेपणा, तींत नेमकें सांपडलें आहे.

ग्रीक परंपरेच्या चर्चांनीं पुढील शतकांत हा उंबरठा अधिकच रुंद केला. तेथें उपवास एकदम सुरू होत नाहीं. त्याच्या आधींचे रविवार तयारीसाठीं राखून ठेवलेले असतात. पहिल्या रविवारीं परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत वाचतात. परूशी देवळांत उभा राहून, आपण आठवड्यांतून दोनदां उपास करतों, हें देवास ऐकवितो. जकातदार दूर उभा राहून नुसती दया मागतो, आणि तोच निर्दोष ठरून घरीं जातो. या वाचनानंतरच्या आठवड्यांत ग्रीक चर्चमध्यें उपवास करीत नाहींत. बुधवार-शुक्रवारचा नेहमींचा उपासहि त्या आठवड्यापुरता बंद! उपवासाच्या तयारीचा पहिला पाठ असा, कीं उपवासाचा अभिमान मोडावा. दुसऱ्या रविवारीं उधळ्या पुत्राचा दृष्टांत येतो. तिसऱ्या रविवारीं अंतिम न्यायाचें प्रकरण येतें, आणि त्यांत न्यायाधीश उपवासाविषयीं एक अक्षर विचारीत नाहीं. भुकेल्यास अन्न दिलेंस का, तुरुंगांतल्यास भेटलास का, एवढेंच विचारतो. शेवटचा रविवार क्षमेचा. त्या संध्याकाळीं धर्मगुरु प्रथम सर्वांपुढें नमून क्षमा मागतो, आणि मग मंडळींतील प्रत्येकजण दुसऱ्याच्या पुढें नमून क्षमा मागतो व देतो. दुसऱ्या दिवशीं उपवास सुरू होतो.

या विधीचें मूळ वाळवंटांतील मठांत आहे. उपवासकाळ लागला म्हणजे पॅलेस्टाइनमधील जोगी परस्परांची क्षमा मागून जॉर्डन नदीपलीकडे एकांतवासास जात आणि ईस्टरच्या आधल्या रविवारीं परतत. कोण परत येईल, कोण येणार नाहीं, याचा भरंवसा नसे. सोफ्रोनियसच्या नांवावर असलेल्या ईजिप्तच्या मेरीच्या चरित्रांत हें वर्णन आलें आहे. त्यांतील झोसिमास हा जोगी लहानपणापासून मठांत वाढलेला. पन्नाशी उलटल्यावर त्याच्या मनांत आलें, कीं आपणांस शिकवील असा कोणी उरला आहे काय? जॉर्डनपलीकडे त्यास एक वृद्ध स्त्री भेटली. ती एके काळीं अलेक्झांड्रियांत देहविक्रयापेक्षांहि हीन रीतीनें, केवळ वासनेसाठीं जगलेली. मागाहून सत्तेचाळीस वर्षें वाळवंटांत एकटी राहिलेली. झोसिमासनें तिच्या पुढें गुडघे टेकले आणि आशीर्वाद मागितला. पूर्वेकडील चर्चांत उपवासकाळाचा पांचवा रविवार या स्त्रीच्या नांवानें पाळतात, झोसिमासच्या नांवानें नव्हे.

सिरियाक परंपरेनें आणखी एक दार उघडलें. मोठ्या उपवासाच्या तीन आठवडे आधीं ते ‘निनवेकरांचा उपवास’ म्हणून तीन दिवसांचें व्रत पाळतात. केरळांतील सेंट थॉमस ख्रिस्ती हें व्रत ‘मून्नु नोंबु’, म्हणजे तीन नोंबी, या नांवानें आजहि पाळतात, आणि कुरविलंगाड येथील देवळांत त्या वेळीं योना संदेष्ट्याच्या गलबताची प्रतिकृति खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. योनाची कथा माशाच्या पोटापुरती सर्वांस ठाऊक असते. परंतु तिचें मर्म शेवटीं आहे. चाळीस दिवसांनीं नगर उलथें होईल, असें योना निनवेस जाऊन सांगतो. राजा सिंहासनावरून उठून राखेंत बसतो, गुराढोरांससुद्धां गोणपाट नेसवितात, आणि देव नगर वांचवितो. यावर रागावतो कोण? संदेष्टा! शत्रूचें नगर जळावें म्हणून तो बाहेर मांडव घालून बसला होता. ज्यांस उजवा हात कोणता व डावा कोणता हें कळत नाहीं अशा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची, आणि कितीतरी गुरांची, मीं कींव करूं नये काय, असें देव त्यास विचारतो, आणि ग्रंथ तेथेंच संपतो. योनाचें उत्तर लिहिलेलें नाहीं.

निनवे म्हणजे आजच्या इराकांतील मोसुल शहरालगतचे अवशेष. तेथें योनाची कबर म्हणून मान्यता पावलेलें स्थान होतें. मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांसहि तें पूज्य होतें. २०१४ च्या जुलैंत तथाकथित इस्लामिक स्टेटच्या सैनिकांनीं तें सुरुंगानें उडविलें, आणि त्याच महिन्यांत मोसुलच्या ख्रिस्ती लोकांस घरदार सोडून परागंदा व्हावें लागलें. जे लोक पिढ्यान् पिढ्या निनवेवरील दयेचें स्मरण करीत आले, त्यांच्यापुढें योनाचा प्रश्न यामुळें पुस्तकी राहिला नाहीं. आपणांस हांकलून देणाऱ्या नगराविषयीं देवापाशीं काय मागावें? या प्रश्नाचें उत्तर दुरून देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. आम्हीं तो घेत नाहीं.

पश्चिमेकडे, म्हणजे रोमच्या परंपरेंत, या उंबरठ्याची खूण राख ही झाली. प्राचीन काळीं घोर पापांसाठीं प्रकट प्रायश्चित्त घेणारांस उपवासाच्या आरंभीं मंडळींतून निराळें काढीत. ते जाडेंभरडें वस्त्र नेसत, राख लावून घेत, आणि ईस्टरच्या आधींच्या गुरुवारीं बिशप त्यांस पुनः आंत घेई. म्हणजे हे चाळीस दिवस बाहेर घालविण्याचे नसून परत आणण्याचे होते. ते कधीं संपणार हें पहिल्या दिवशींच ठरलेलें असे. कालांतरानें प्रकट प्रायश्चित्ताची रीत मागें पडली, परंतु राख मात्र पापी ठरलेल्यांच्या कपाळावरून सर्वांच्या कपाळावर आली. १०९१ मध्यें बेनेव्हेंटो येथील सभेनें ती सर्वांस, धर्मगुरूंसह, लावण्याचें ठरविलें. मागल्या वर्षींच्या झावळ्या जाळून ही राख करतात. एरवीं पाप्यांस दूर बसविणाऱ्या समाजानें त्यांचीच खूण आपल्या कपाळीं घ्यावी, यांत नायसियाच्या पांचव्या नियमाचीच आठवण आहे.

राखेच्या आधल्या दिवसाचें इंग्रजी नांव ‘श्रोव्ह ट्यूझडे’, म्हणजे पाप कबूल करून मोकळें होण्याचा मंगळवार. गोंयकर ज्यास इंत्रुज म्हणतात त्या सणाचें नांव पोर्तुगीजांमार्फत लॅटिनमधील ‘प्रवेश’ या अर्थाच्या शब्दावरून आलें आहे. नाचगाण्याचा तो सण आणि चाळीस दिवसांचा संयम एकाच दाराच्या दोन बाजूंस आहेत, हें नांवच सांगतें.

गोव्याचें नांव निघालें, तेव्हां मराठी लेखकास तेथें थांबल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मूळच्या इंग्लंडच्या, १५७९ सालीं गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनीं १६१६ मध्यें राशोल येथें आपलें ख्रिस्तपुराण छापविलें. ख्रिस्ताची करुणा ओवींत उतरली ती त्यांच्या हातीं. १६२९ मध्यें फादर एतिएन द ला क्रुआ यांनीं सेंट पीटरच्या चरित्रावर मराठींत मोठें काव्य प्रसिद्ध केलें. हा पीटर म्हणजे ज्यानें धन्यास तीनदां नाकारलें आणि तरीहि जो शिष्यांत अग्रणी राहिला तो. नोव्हेशियनचा नियम पीटरला लावला असता तर चर्चचा पायाच बाहेर राहिला असता. परंतु त्याच गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायालय बसलें होतें, आणि मधल्या अल्प खंडाखेरीज तें १८१२ पर्यंत चाललें. त्याच्या कोठडींत राहून आलेल्या डेलॉन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १६८७ मध्यें आपली हकीकत छापली. मिरवणुकींत पुढें चालणाऱ्या निशाणावर दोन लॅटिन शब्द होते असें तो सांगतो: न्याय आणि दया. प्रा. अ. का. प्रियोळकरांनीं १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या न्यायालयाचीं कृत्यें कागदपत्रांसह मांडलीं आहेत. तीं वाचतां वाचतां निशाणावरील दुसरा शब्द डोळ्यांत सलतो. घरांत तुळस ठेवली, धोतर नेसलें, यांसारख्या गोष्टी तेथें गुन्हा ठरल्या. दया हा शब्द निशाणावर चढवून देवाच्या वतीनें शिक्षा करणाऱ्यास स्वतःच्या मनाचा झाडा घेण्याची गरज वाटेनाशी झाली, हेंच त्यांतलें सर्वांत भयंकर. नायसियाच्या बिशपांस ही भीति तेराशें वर्षांपूर्वीं वाटली होती.

कोणी म्हणेल, दयेचा इतका गौरव केल्यास शिस्त कोठें राहील? शंका योग्य आहे. तिचें उत्तर वरच्या इतिहासांतच आहे. सिप्रियननें प्रायश्चित्त रद्द केलें नाहीं, नायसियानें बारा वर्षें उणीं केलीं नाहींत, रोमनें राख पुसली नाहीं. फरक एवढाच, कीं शिक्षेच्या शेवटीं दार असलें पाहिजे, आणि तें दार कोणाच्या हातीं आहे याची वेळोवेळीं चौकशी झाली पाहिजे.

हें लिहितांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट लपवितां येत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत, परीक्षेंत नक्कल केलेल्या विद्यार्थ्याचा निवाडा करणाऱ्या समितींत आम्ही होतों. पुरावा चोख होता, नियम स्पष्ट होता, आणि नियमांतील सर्वांत कडक शिक्षा द्यावी असें मत आम्हींच मांडलें. तें मान्य झालें. तो मुलगा पुनः कॉलेजांत आला नाहीं. शिक्षा बेकायदा नव्हती. परंतु त्याच वर्षीं त्या मुलानें वर्गांत आमची एक चूक सर्वांसमक्ष दाखविली होती, हें समितींतील इतर सभासदांस ठाऊक नव्हतें, आम्हांस होतें. त्या दोन गोष्टींचा संबंध नव्हता असें आम्ही पुष्कळ वर्षें स्वतःस सांगत आलों. नायसियाचा पांचवा नियम प्रथम वाचला त्या रात्रीं तें सांगणें बंद झालें.

त्या समितीची दुसरी बैठक कधीं झाली नाहीं. तशी बैठक घेण्याचा नियमच नव्हता. सोळाशें-सतराशें वर्षांपूर्वींच्या त्या बिशपांनीं मात्र ती वर्षांतून दोनदां भरावी असें ठरवून ठेविलें, आणि तिची एक वेळ उपवासाच्या आधींची नेमली. आमच्या घरीं एकादशी पाळतात. येत्या एकादशीच्या आधल्या संध्याकाळीं त्या मुलाचा ठावठिकाणा काढण्यास आरंभ करावा, असें आम्हीं ठरविलें आहे.